पानिपत जिंकलं असतं तर? नारळीकरांची कथा, तिच्यामागचं वाचन आणि बीडचं राक्षसभुवन

दरवर्षी १४ जानेवारी जवळ आली की फेसबुकवर आणि व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर एक प्रश्न हमखास फिरतो: पानिपत आपण जिंकलं असतं तर? खाली शेकडो कमेंट येतात. कुणी दिल्लीवर भगवा फडकवतो, कुणी इंग्रजांना समुद्रातच बुडवतो.

हाच प्रश्न एका खगोलशास्त्रज्ञाने पन्नासेक वर्षांपूर्वीच्या काळात कथेतून विचारला होता. त्याचं उत्तर मात्र कमेंटमधल्या उत्तरांसारखं नव्हतं. त्या शास्त्रज्ञाचं नाव जयंत विष्णू नारळीकर आणि कथेचं नाव 'गंगाधरपंतांचे पानिपत'. तिचं संक्षिप्त इंग्रजी रूप 'द ॲडव्हेंचर' या नावाने एनसीईआरटीच्या अकरावीच्या इंग्रजी पुस्तकात आहे. त्यामुळे देशभरातल्या मुलांनी ती वाचली आहे.

ही कथा कुठून आली, नारळीकर कोणत्या लेखकांच्या वाटेने चालले, आणि या 'जर-तर'चा बीड जिल्ह्याशी काय संबंध आहे, हे एकेक करून पाहू.

जगताप नावाचा नवा लेखक

नारळीकरांचा जन्म १९ जुलै १९३८ रोजी कोल्हापूरचा. बालपण गेलं बनारसला. वडील विष्णू वासुदेव नारळीकर हे बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक होते, तर आई सुमतीबाई संस्कृतच्या जाणकार. घरात फळा होता. मामा मोरेश्वर हुजुरबाजार त्या फळ्यावर भाच्यासाठी गणिताचं कोडं लिहून ठेवायचे. ते सुटेपर्यंत फळा पुसला जायचा नाही. पुढे १९५७ मध्ये ते केंब्रिजला गेले, १९५९ मध्ये गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत पहिले म्हणजे 'सीनियर रँग्लर' आले आणि १९६३ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली. १९६५ मध्ये पद्मभूषण मिळालं तेव्हा त्यांचं वय होतं अवघं २६.

१९७२ मध्ये ते भारतात परतले आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत 'कृष्णविवर' नावाची कथा आली. लेखकाचं नाव होतं नारायण विनायक जगताप. कथेला पहिला क्रमांक मिळाला.

हे जगताप म्हणजे नारळीकरच. आपल्या नावाची आद्याक्षरं ज. वि. ना. त्यांनी उलटी केली आणि ना. वि. ज. वरून हे नाव तयार केलं. परीक्षकांनी हस्ताक्षर ओळखू नये म्हणून कथेची प्रत पत्नी मंगला नारळीकर यांनी आपल्या अक्षरात लिहून काढली. त्या स्वतः गणितज्ज्ञ होत्या.

एवढा खटाटोप कशासाठी? कारण तेव्हा नारळीकर हे नाव देशभर गाजत होतं. त्या नावाने कथा पाठवली असती तर बक्षीस कथेला मिळालं की नावाला, हे त्यांना कधीच कळलं नसतं. प्रयोगशाळेत औषधाची चाचणी घेताना रुग्णाला खरी गोळी कोणती ते सांगत नाहीत. तसाच हा प्रकार होता. शास्त्रज्ञाने स्वतःच्या लेखनाचीच चाचणी घेतली.

१९७५ च्या कऱ्हाड साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवत यांनी या नव्या विज्ञानकथेची दखल घेतली. पुढे 'यक्षांची देणगी' हा संग्रह आणि 'प्रेषित', 'वामन परत न आला', 'व्हायरस', 'अभयारण्य' यांसारख्या कादंबऱ्या आल्या. १९८८ मध्ये पुण्यात 'आयुका' ही संस्था उभी राहिली आणि नारळीकर तिचे संस्थापक संचालक झाले. 'चार नगरांतले माझे विश्व' या आत्मचरित्राला २०१४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. २०२१ मध्ये नाशिकला भरलेल्या ९४ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपदही त्यांच्याकडे आलं. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं.

गुरू हाच कादंबरीकार

केंब्रिजमध्ये नारळीकरांचे मार्गदर्शक होते फ्रेड हॉइल. विश्वाची सुरुवात एका महास्फोटाने झाली, हे हॉइल यांना मान्य नव्हतं. गंमत अशी की 'बिग बँग' हा शब्द त्यांनीच १९४९ मध्ये बीबीसीच्या रेडिओवर बोलताना वापरला आणि तोच जगभर रुळला. हॉइल आणि नारळीकर यांनी मिळून गुरुत्वाकर्षणाचा एक सिद्धान्तही मांडला.

हे हॉइल कादंबऱ्याही लिहायचे. नारळीकर ज्या वर्षी केंब्रिजला पोहोचले त्याच वर्षी, म्हणजे १९५७ मध्ये, हॉइल यांची 'द ब्लॅक क्लाउड' ही कादंबरी आली. वायूचा एक प्रचंड ढग सूर्याकडे येतो, पृथ्वीवरचा उजेड अडतो, थंडी पसरते. शास्त्रज्ञ इशारा देतात, राजकारणी आपल्याच हिशेबात असतात. शेवटी कळतं की तो ढग जिवंत आहे आणि माणसापेक्षा कितीतरी हुशार आहे.

विज्ञानकथा लिहिण्याची प्रेरणा हॉइल यांच्याकडून मिळाल्याचं नारळीकरांनी सांगितलं आहे. त्यांच्या कथा वाचल्या की ते दिसतंही. 'हिमप्रलय' या कथेत मुंबईत बर्फ पडतो. येऊ घातलेल्या हिमयुगाचा इशारा एका शास्त्रज्ञाने आधीच दिलेला असतो, पण तो कुणी मनावर घेत नाही. शास्त्रज्ञाला दिसणारं संकट आणि सत्तेला न दिसणारं संकट, हा ताण 'द ब्लॅक क्लाउड'मध्येही आहे. फरक इतकाच की नारळीकरांनी तो मुंबईच्या रस्त्यावर आणून ठेवला.

दुसरं उदाहरण 'वामन परत न आला'चं. जमिनीत गाडलेली एक पेटी सापडते. तिच्यात फार पूर्वीच्या एका प्रगत संस्कृतीने ठेवलेलं ज्ञान असतं. त्या ज्ञानावरून माणसं एक यंत्रमानव बनवतात आणि तो त्यांच्याच हाताबाहेर जाऊ लागतो. हॉइल यांनी जॉन एलियट यांच्यासोबत बीबीसीसाठी लिहिलेल्या 'ए फॉर अँड्रोमेडा' (१९६१) या मालिकेत अवकाशातून आलेल्या संदेशावरून माणसं एक संगणक बांधतात, आणि तोही पुढे धोकादायक ठरतो. दोन्हीकडे प्रश्न एकच आहे: परक्या हातून आलेलं ज्ञान आपण तपासल्याशिवाय वापरायचं का? फक्त नारळीकरांनी त्याला तीन पावलं मागणाऱ्या वामनाची गोष्ट जोडली. छोट्या मागणीतून सगळं जाणं म्हणजे काय, हे मराठी वाचकाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

सोंड उजवीकडे कशी गेली?

एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाची १८९६ मधली एक कथा आहे, 'द प्लॅटनर स्टोरी'. एका स्फोटानंतर एक शिक्षक गायब होतो आणि नऊ दिवसांनी परत येतो. पण आता त्याचं हृदय उजवीकडे असतं. अख्खा माणूस आरशातल्या प्रतिमेसारखा उलटलेला. वेल्सचं स्पष्टीकरण असं की तो चौथ्या मितीतून फिरून आला.

हे समजायला एक सोपा प्रयोग आहे. कागदाचा एक तळहात कापा आणि टेबलावर ठेवा. टेबलावर कितीही सरकवला तरी उजव्या हाताचा डावा होणार नाही. पण उचलून पालथा घातला की लगेच होतो. कागदाला उलटण्यासाठी टेबलाबाहेरची, म्हणजे एक जादा दिशा लागते. आपल्यासारख्या तीन मितींच्या वस्तूला उलटायचं तर चौथी दिशा हवी.

नारळीकरांच्या 'उजव्या सोंडेचा गणपती' या कथेत हीच कल्पना आहे. तिथे डाव्या सोंडेची मूर्ती उजव्या सोंडेची होते आणि क्रिकेटच्या मैदानावर एका गोलंदाजाचा हात बदलतो. उजव्या सोंडेचा गणपती दुर्मीळ आणि कडक सोवळ्याचा मानतात, हे घरोघरी माहीत असतं. त्यामुळे जी गोष्ट वेल्सला शरीरशास्त्र सांगून पटवावी लागली, ती मराठी वाचकाला देव्हाऱ्याकडे पाहून कळते.

विज्ञानकथा एका भाषेतून दुसऱ्या भाषेत नेणं म्हणजे काय, ते इथे दिसतं. नुसती नावं बदलून जॉनचा जनार्दन करणं म्हणजे भाषांतर. कल्पना आपल्या घरात कुठे बसेल याची जागा शोधणं हे खरं लेखन.

मराठीत आधी काय होतं?

ही वाट नारळीकरांनी शून्यातून काढली नव्हती. १९०० च्या सुमारास कृष्णाजी आठल्ये यांच्या 'केरळ कोकिळ' मासिकातून ज्यूल व्हर्नची चंद्रप्रवासाची गोष्ट मराठीत आली होती. १९१५ मधली श्री. बा. रानडे यांची 'तारेचे हास्य' ही कथा मराठीतल्या सुरुवातीच्या स्वतंत्र विज्ञानकथांमध्ये मोजली जाते. 'फास्टर फेणे'चे जनक भा. रा. भागवत यांनी व्हर्नच्या कादंबऱ्या मराठी मुलांपर्यंत पोहोचवल्या.

नारळीकरांच्या सोबतीने आणि नंतर बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर, अरुण मांडे यांनी हे दालन भरलं. जालन्याच्या रेखा बैजल यांच्यामुळे मराठवाड्याचं नावही या यादीत आलं. फोंडके यांनी देशातल्या वेगवेगळ्या भाषांतल्या विज्ञानकथा वाचून 'इट हॅपन्ड टुमारो' हा इंग्रजी संग्रह संपादित केला. नॅशनल बुक ट्रस्टने तो १९९३ मध्ये काढला. लेखकाने लेखकांना वाचावं आणि ते वाचन इतरांच्या हाती द्यावं, याचं हे चांगलं उदाहरण.

गंगाधरपंत कुठे पोहोचले?

आता पानिपत. १४ जानेवारी १७६१ च्या लढाईत नानासाहेब पेशव्यांचा मुलगा विश्वासराव गोळी लागून पडला आणि मराठी सैन्याचा धीर सुटला. नारळीकरांची कथा बदल करते तो फक्त इथे. गोळी विश्वासरावांच्या कानाजवळून निघून जाते.

इतिहासाचे प्राध्यापक असलेले गंगाधरपंत अपघातानंतर अशा जगात जागे होतात जिथे मराठे जिंकले आहेत. तिथे पुण्याहून मुंबईला जाणारी गाडी आहे 'जिजामाता एक्सप्रेस'. मुंबई मात्र ईस्ट इंडिया कंपनीकडेच आहे, भाडेपट्ट्याने. विश्वासराव आणि धाकटे माधवराव मिळून राज्य वाढवतात, पुढे पेशव्यांकडे नाममात्र अधिकार उरतो आणि देश लोकशाहीकडे वळतो. गंगाधरपंत ग्रंथालयात बसून हा इतिहास वाचतात आणि बखरीत नेमका फरक कुठे पडला ते शोधतात.

शेवट विनोदी आहे. आझाद मैदानावर सभा चालू असते आणि अध्यक्षाची खुर्ची रिकामी दिसते. हजाराव्या अध्यक्षपदाच्या जवळ आलेले पंत सवयीने जाऊन तिच्यात बसतात. पण त्या जगात अध्यक्षीय भाषणं कधीच बंद झालेली असतात. लोक हाती येईल ते फेकून मारतात आणि पंत आपल्या जगात परत येतात. खिशात पुरावा म्हणून उरतं बखरीचं एक फाटलेलं पान.

हे कसं घडलं याचं स्पष्टीकरण कथेतले राजेंद्र देशपांडे देतात. एखादी प्रणाली अगदी काठावर असेल तर छोट्याशा फरकाने ती पूर्ण वेगळ्या वाटेला लागू शकते. गणितात याला 'कॅटॅस्ट्रॉफी सिद्धान्त' म्हणतात. दुसरा आधार आहे पुंजभौतिकीचा. इलेक्ट्रॉन कुठे सापडेल हे आधी नक्की सांगता येत नाही, फक्त शक्यता सांगता येतात. म्हणजे एकाच क्षणातून अनेक जगं फुटू शकतात, अशी ती कल्पना.

असे 'जर-तर'चे इतिहास इतर लेखकांनीही लिहिले आहेत. १९३१ मध्ये जे. सी. स्क्वायर यांनी संपादित केलेल्या एका संग्रहात विन्स्टन चर्चिल यांनी अमेरिकेच्या यादवी युद्धात गेटिसबर्गची लढाई दक्षिणेच्या लीने जिंकली असती तर, यावर लिहिलं. फिलिप के. डिक यांच्या 'द मॅन इन द हाय कॅसल' (१९६२) मध्ये दुसरं महायुद्ध जर्मनी आणि जपान जिंकतात. डिकच्या जगात भीती आहे. नारळीकरांच्या जगात भीती नाही, पण स्वर्गही नाही. मुंबई तिथेही परक्यांचीच आहे.

राक्षसभुवन: खऱ्या इतिहासातला 'जर-तर'

कथेत पानिपतानंतरची गोष्ट कल्पनेने लिहिली आहे. खऱ्या इतिहासात तीच गोष्ट बीड जिल्ह्यात घडली.

पानिपताआधी वर्षभर, फेब्रुवारी १७६० मध्ये, सदाशिवरावभाऊंनी उदगीरला निजामाला हरवून मोठा मुलूख घेतला होता. पानिपतात भाऊ आणि विश्वासराव गेले, जून १७६१ मध्ये नानासाहेबही गेले आणि सोळा वर्षांचे माधवराव पेशवे झाले. निजाम अलीला गेलेलं परत मिळवायची संधी दिसली. त्यात काका रघुनाथराव पुतण्याशी भांडून निजामाच्या मदतीने उभे राहिले. १७६३ मध्ये निजामाच्या फौजेने पुणं लुटलं आणि जाळलं.

त्याच वर्षी १० ऑगस्टला गेवराई तालुक्यातल्या राक्षसभुवनला, आज शनीच्या देवस्थानासाठी ओळखल्या जाणाऱ्या गावाजवळ, गोदावरीच्या काठी लढाई झाली. निजाम नदी ओलांडून पलीकडे गेला होता. त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर फौजेसह दक्षिण काठावर होता. पावसाळ्यात गोदावरी भरून वाहत होती, त्यामुळे निजामाला दिवाणाच्या मदतीला येता आलं नाही. विठ्ठल सुंदर मारला गेला आणि अठरा वर्षांच्या माधवरावांनी पानिपतानंतरचा पहिला मोठा विजय मिळवला.

म्हणजे पानिपतात एका गोळीने जे केलं, ते राक्षसभुवनला नदीच्या पाण्याने केलं. नारळीकरांच्या कथेतला काठावरचा क्षण पाहायचा असेल तर गोदाकाठी उभं राहून पाहता येतो.

पण पुढे काय झालं? राक्षसभुवन जिंकूनही बीड निजामाच्या राज्यातून कायमचं सुटलं नाही. १७९५ मध्ये बीडच्या शेजारी खर्ड्याला निजाम पुन्हा हरला. त्याच वर्षी सवाई माधवरावांचा मृत्यू झाला आणि पुण्यातल्या गोंधळात त्या विजयाचं बरंच पाणी वाहून गेलं. देश १५ ऑगस्ट १९४७ ला स्वतंत्र झाला, तरी बीड आणि मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्याच राज्यात राहिला.

आता गंगाधरपंतांची गोळी इकडे लावून पाहा. विश्वासराव वाचले असते, तर माधवराव कोवळ्या वयात पेशवे झाले नसते. काका-पुतण्याचं भांडण कदाचित पेटलंच नसतं. निजामाने पुण्यावर चाल करण्याचं धाडस केलं नसतं. म्हणजे राक्षसभुवनची लढाईही झाली नसती. बीड निजामाकडे राहिलं नसतं, तर अंबाजोगाईचं नाव मोमिनाबाद पडलं नसतं. हैदराबाद मुक्तिसंग्राम नसता, म्हणजे अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत शिकवता शिकवता लढ्याची माणसं घडवणारे स्वामी रामानंद तीर्थ आपल्याला त्या रूपात माहीत नसते. आज अंबाजोगाईच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाला त्यांचं नाव आहे. त्या दुसऱ्या जगात तिथल्या पाटीवर दुसरंच नाव असतं.

एक पराभव पुसला की त्यानंतरचे विजयही पुसले जातात, आणि ते विजय मिळवणारी माणसंही.

चांगला 'जर-तर' कसा ओळखायचा?

पुढच्या वेळी अशी पोस्ट समोर आली तर तीन गोष्टी तपासा.

पहिली, बदल एकच आहे का? नारळीकरांनी फक्त एक गोळी हलवली. पोस्टमध्ये शत्रू मूर्ख, हवामान अनुकूल आणि सगळे सरदार एकदिलाने वागणारे असतील, तर तो 'जर-तर' नाही, ती इच्छा आहे.

दुसरी, कारणांची साखळी आहे का? एका गोष्टीतून दुसरी कशी झाली हे सांगता आलं पाहिजे. जादूला नियम नसतात, विज्ञानकथेला असतात.

तिसरी, काही गमावलं आहे का? ज्या कल्पित इतिहासात फक्त आपला फायदाच होतो, त्यात विचार कमी आणि समाधान जास्त असतं.

'गंगाधरपंतांचे पानिपत' या तिन्ही कसोट्यांना उतरते. म्हणून ती वर्गात शिकवली जाते आणि दर जानेवारीत फिरणाऱ्या पोस्ट फेब्रुवारीत विसरल्या जातात. पानिपत जिंकलं असतं तर बीडचं काय झालं असतं, हा प्रश्न मात्र अजून कुणी नीट कथेत मांडलेला दिसत नाही. गेवराई, माजलगाव किंवा परळीतल्या एखाद्या लिहित्या हाताला तो खुणावत असेल, तर पहिलं वाक्य गोदावरीच्या पुरापासून सुरू करायला हरकत नाही.